भावाच्या जीपचं चेंबर

होटगीत स्टेशनच्या वाटेवर बसवराजचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक लिंब! पण मी बसवलेल्या इंजिनातून तेलाचा थेंब गळाला तर मिशी काढीन, असं तो छाती ठोकून सांगायचा, आणि मिशी शाबूत होती. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, बसवताना तो कडेनं सांधा बुजवणाऱ्या सिलिकॉनची वातीएवढी बारीक रेघ ओढायचा. कुणी म्हणालं, "जरा सढळ हातानं लावा की," तर खेकसायचा, "भाकरीला लोणी लावायलोय व्हय? जास्तीचं आत जाऊन तुटतंय, ते कोण काढणार?"

एवढं कळणारा माणूस, आणि धाकट्या भावाच्या जीपला मात्र त्यानं अख्खी ट्यूब पिळली. अमरेशचं पोट त्या जीपवर, ती कधी वाटेत गळू नये, म्हणून एका थरावर दुसरा थर. माया आडवी आली, दुसरं काय!

उन्हाळ्यात एका दुपारी त्यांच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, पार्वतम्माच्या छातीत कळ उठली. जीप दारातच होती. अमरेशनं ती सोलापूरच्या दवाखान्याकडं पिटाळली. आईचं डोकं मांडीवर घेऊन बसवराज मागं बसला. शहर जवळ आलं आणि इंजिन खडखडायला लागलं. तेल पोचत नसल्याचा आवाज तो झोपेतसुद्धा ओळखला असता. गाडी थांबवायला हवी होती, पण मांडीवर आई होती. "दाब रं, अमऱ्या!" तो ओरडला. थोडं पुढं जाऊन इंजिन जागच्या जागी जाम झालं. हात करून करून एक टेम्पो थांबवला, तोवर अव्वा बोलायची थांबली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

मातीचं सगळं उरकलं. अमरेश येता-जाता ओढून आणलेल्या जीपला लाथा घालायचा. "माझ्या अव्वाला खाल्लीस की गं, रांडे!" म्हणून ढसाढसा रडायचा, आणि मग थोडा शांत व्हायचा.

शेवटी बसवराजनं चेंबर उतरवलं. तेल भरपूर होतं. पण तेल ओढणाऱ्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे गच्च बसले होते. त्याच्याच हातचे. ते रॉकेलात धुऊन टाकले असते तर देवालासुद्धा पत्ता लागला नसता! पण मन खायला उठलं. त्यानं भावाला हाक मारली आणि जाळी पुढं धरली.

"गाडीचा दोष न्हाय, अमऱ्या. मी लई लावलो. तुझी गाडी म्हणून लावलो."

अमरेशनं एक तुकडा काढून बोटात दाबून बघितला. 

"कशाला सांगितलास, अण्णा?" तो म्हणाला. "गाडीला शिव्या घालून झोप तर लागायली हुती. आता तुला घालू व्हय?"