आधी वासाची ओळख

मधुकाकांवर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चार ओळी लिहितानाही हात अडखळतो. शिवाय काकांच्या टूनगॅबी उपनगरातल्या घरात मी नुसता भाड्याने राहणारा विद्यार्थी. खरं तर हे शेजारच्या खोलीतल्या संकेतने लिहायला हवं. काका गेले तेव्हा तो त्यांच्याजवळ होता. मी क्वीन्सलंडमध्ये स्प्रिंगफील्ड लेक्सला, लॉकडाऊनमुळे बंद झालेल्या राज्याच्या बॉर्डरच्या अलीकडे. बॅकयार्डमध्ये मोजक्या लोकांत झालेली प्रार्थना मी फोनवर पाहिली... आणि माझं सगळं लक्ष संकेतच्या पायाशी बसलेल्या रंभाकडे होतं. तिथे मी असायला हवं होतं, एवढंच मनात येत राहिलं.

रंभा ही काकांची शिकारी कुत्री. त्यांच्याकडे फेरेटही होते, मुंगसासारखे लांबोडके. शेतातल्या सशांच्या बिळांवर काका जाळी लावायचे, फेरेट आत सोडायचे, आणि जाळीतून निसटलेल्या सशामागे रंभा सुटायची. लॉकडाऊनमध्ये शेतावर जाणंच बंद झालं. लोक आपापले फेरेट आणि कुत्री काकांच्या दारात आणून सोडू लागले आणि काका त्यांना नवी घरं शोधू लागले. त्यांची एक रीत होती. नव्या मालकाने अंगात घालून मळवलेला कपडा न धुता आधी पाठवायचा. तो जनावराच्या अंथरुणात काही दिवस राहायचा, मगच जनावर त्या घरी जायचं. "आधी वासाची ओळख, मग माणसाची," काका म्हणायचे.

त्यांचे स्वतःचे फेरेट द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच हाक मारली, "संक्या, तुझा एखादा घाणेरडा शर्ट आण. सगळेच घाणेरडे आहेत म्हणा, कुठलाही चालेल!" मी हसलो, पण आत जळत होतो. बिळापाशी गुडघे टेकून जाळी लावायचो मी. संकेतला फेरेट नीट धरताही येत नव्हता. फेरेट चावला की संकेतच त्याला "सॉरी, मेट" म्हणायचा.

"आणि मला?" मी धीर करून विचारलं.

"तू प्लेसमेंटला क्वीन्सलंडला चाललास. तिथे फेरेट पाळायला बंदी आहे, राजा."

"मग रंभा?"

"मी आहे तोवर ती कुठे जायची नाही," काका म्हणाले, आणि नेहमीच्या चेकअपसाठी वेस्टमीडची ट्रेन पकडायला निघून गेले.

कारण पटलं, जळणं थांबलं नाही. मी निघायच्या आठवड्यात माझा निळा टी-शर्ट धुण्याच्या बास्केटमधून नाहीसा झाला. मी सरळ संकेतवर आळ घेतला. "तुझे कळकट कपडे घालायची वेळ आलेली नाही माझ्यावर!" तो भडकला. काका ओट्यापाशी चहा गाळत होते. त्यांनी आम्हा दोघांसमोर कप ठेवले आणि रंभाला हाक मारली...

काका गेल्यावर संकेतशी बोलताना मी रंभाचा विषय टाळायचो. ती आता त्याच्या मागेमागे फिरते, हे मला ऐकायचं नव्हतं. परवा त्याचाच फोन आला.

"अरे, रंभाचं अंथरूण धुवायला काढलं, तर ती सोडेचना. शेवटी ओढून घेतलं... आत तुझा निळा टी-शर्ट. न धुतलेला. बॉर्डर उघडली की ये. काकांनी तिला केव्हाच तुझी करून ठेवलंय."