वच्छलाबाईंचा मंगळवार

मंगळवारी दिवेलागणीला वच्छलाबाईंच्या ओसरीवर बाया जमत. थोरला मुलगा भागवत संबळ वाजवायला लागला की वच्छलाबाईंनी केस सोडून घुमायचं आणि देवीला जे विचारायचं ते बायांनी विचारायचं. राणीसावरगावाजवळच्या त्या वस्तीवर साधी सोयरीकसुद्धा या ओसरीवर विचारल्याशिवाय ठरत नसे.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र अंगात येणं बंद झालं होतं. आधी त्या घाबरल्या. आपलंच काही चुकलं म्हणून उपास केले, अनवाणी फिरल्या. मग हळूहळू उमगलं, कोपबिप काही नाही. पाळी गेली होती तसंच हेही गेलं, काही न सांगता. आता दिवा लावून नुसतं बसलं तरी देवी शेजारी असल्यासारखी वाटे, आणि ती काही बोलत नसे. ते गप्प बसणं त्यांना आवडू लागलं होतं. पण संबळ वाजला की बाया तोंडाकडे बघत, आणि वच्छलाबाई घुमत.

त्या मंगळवारी चांगुणाबाई सुनेला, सविताला, पुढं घालून आली. सविताला चौथा महिना.

"आई, टोळी निघायलीय ऊसतोडीला. हिला न्यावं का?"

वच्छलाबाई घुमायच्या थांबल्या. या प्रश्नाला खोटं घुमणं जमेना. केस बांधत त्या म्हणाल्या, "चांगुणा, अंगात येत न्हाई आता माझ्या. मीच सांगायलेय, पोरीला नेऊ नको. मागल्या साली उसाच्या फडातच पोट पडलं न्हवं का तिचं?"

संबळ थांबला. चांगुणाबाईनं पदर मागं सारला.

"मग वच्छलाबाई, तुमी कोण सांगणार? जोडीला बाई न्हाई तर माझ्या पोराला मुकादम उभा करंल व्हय? आमी देवीला इचारायलोय."

सविता मान खाली घालून उठली.

"वाजव," वच्छलाबाई भागवतला म्हणाल्या. बांधलेले केस त्यांनी पुन्हा सोडले. दात आवळून घुमल्या. आत कुणी नव्हतं. आवाज जाड करून बोलल्या, "ती घरी राहील. जोडीला तू जा."

"जी, आई." चांगुणाबाईनं भुईला कपाळ टेकलं.

"मघाशी आपली पारख करायली होती देवी," मागून एक बाई हळूच म्हणाली. साऱ्यांनी हात जोडले.

सविता पुन्हा खाली बसली. पुढची बाई सरकत जवळ आली आणि बोलू लागली. वच्छलाबाई घुमत राहिल्या.