अकरा एकांचा भागाकार

दिगंबर गेल्याचा फोन त्याच्या सुनेनं केला, तेव्हा मला आधी रागच आला. दोनच आठवड्यांपूर्वी त्यानं माझ्यावर एक काम टाकलं होतं, आणि आता ते खरंच करावं लागणार होतं.

धाड गावाजवळच्या एका शाळेत आम्ही बरोबर शिकवायचो. मी मराठी, तो गणित. एकदा सातवीच्या वर्गात त्यानं फळ्यावर ११,११,११,११,१११ लिहिलं आणि ठणकावून सांगितलं, ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंही भाग जात नाही. पोरांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण लहानसहान आकड्यांनीच भागून पाहिलंय... झालं. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी हा गृहस्थ एकेका मूळ संख्येनं भागायला बसायचा. निवृत्त झाला तरी तेच. मी चिडायचो. "फोनवर मिनिटात समजते ना बे, काऊन डोळे फोडून राह्यला?"

"फोनले समजीन. मले कसं समजीन?"

प्रत्येक भागाकार तो नवाच्या ताळ्यानं तपासायचा, म्हणजे अंकांच्या बेरजा करून. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि जुन्या वह्या चाळताना त्याला एका ठिकाणी दोन अंक उलटसुलट उतरलेले दिसले. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, त्यामुळे ताळा बिनबोभाट जुळला होता. अशा आणखी किती चुका सुटल्या असतील? त्यानं नवी वही आणली. मग पुन्हा दोनापासून सुरुवात केली, आणि या खेपेला प्रत्येक भागाकार उलटा गुणून पाहिला.

शेवटच्या भेटीत त्यानं चहासुद्धा विचारला नाही. एक जुनी आणि एक नवी, अशा दोन वह्या पुढ्यात टाकल्या. "फुटला बे तो आकडा! एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं फुटला." जुन्या वहीत याच भागाकारात ५१७४ चे ५१४७ झाले होते. हसत होता, पण डोळे भरले होते. "इतक्या पोराइले चूक शिकवली मी. आता हे छातीचं दुखणं काही मले सोडत नाही. मी गेलो की शोकसभा होईन, सारे गोड बोलतीन. तू माह्यी चूक सांगजो."

सभा शाळेतच झाली. गोड बोलणं तासभर चाललं. मी उठलो, फळ्यावर ११,११,११,११,१११ = २१६४९ × ५१३२३९ लिहिलं आणि म्हणालो, "सातवीत मूळ म्हणून शिकवलेली ही संख्या मूळ नव्हती. दिगंबर सर चुकले होते." कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, ही काय वेळ आहे? मी खाली बसलो नाही.

मागून एक बाई उठली. त्याच वर्गातली कल्पना, आता बियाण्यांचं दुकान चालवते. "थांबा सर. तेव्हा आम्ही नुसतं लिहून घेतलं होतं. आज मले गुणून पाहू द्या."

मी खडू दिला. तिनं पाच ओळी मांडल्या, बेरीज करत उजवीकडून डावीकडे सरकत गेली. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण उठलं कोणीच नाही. अकरावा एक लिहून तिनं हात झटकले.

"हाव," ती मान डोलावत म्हणाली, "चुकले होते सर."

मग मात्र मला रडू आवरेना.