निंबाखालची जागा कुणाची

धुळ्याच्या विमा कार्यालयातल्या साहेबांनी मला आधी पाणी दिलं आणि मग म्हणाले, "बाई, हेच रस्त्यावर झालं असतं ना, तर प्रश्नच नव्हता."

माणूस वाईट नव्हता. बोलताना त्याची नजर टेबलावर होती. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "चुकलंच आमचं साहेब. मरायच्या आधी जागा विचारून घ्यायला हवी होती." त्यांनी ग्लास माझ्याकडे आणखी थोडा सरकवला. मी पाणी न पिता उठले आणि जळगावच्या गाडीत बसले. मुकटीपासून पारोळ्यापर्यंत खिडकीतून नुसता रस्ता बघत होते. एवढा मोठा, सरकारी, सगळ्यांचा रस्ता. नवरा त्याच्यावर मेला असता तर कुणाची हरकत नव्हती.

झालं ते असं. माझं माहेर पारोळ्याजवळच्या एका खेड्यात. माझ्या धाकट्या भावाचं वावर गावाला लागूनच आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात, बांधावर, एक मोठा निंब आहे. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके त्याच निंबाला बांधायचे, ही गावाची रीत. माझी आई लग्न होऊन आली तेव्हाही तिथेच बांधायचे म्हणे. माहेरी आलेल्या झाडून सगळ्या पोरी तिथे जमतात, गौराईची गाणी म्हणतात, उन्हं उतरेपर्यंत झोके घेतात. कुणी कुणाला विचारत नाही. पेरणी आणि पाणी भावाचं, सावली गावाची.

आणि आमच्याकडे सासरी गेलेली लेक आखाजीला आपल्या पायांनी माहेरी येत नाही. तिला न्यायला मुराळी यावा लागतो, म्हणजे भाऊ किंवा भावासारखा कुणीतरी. माझा मुराळी ठरलेला, हाच धाकटा भाऊ. पहिल्यांदा आला तेव्हा हाफ चड्डीत होता आणि एसटीत मलाच त्याला सांभाळून न्यावं लागलं. पुढे मोटारसायकलवर यायला लागला. माझे केस पांढरे झाले, गुडघे बोलू लागले, तरी दारात येऊन म्हणायचा, "चाल अक्का, मुराळी उना." शेजारणी हसायच्या. मी त्यांना हसू द्यायची. मला तेवढा एक तोरा होता.

त्या वर्षीही तो आला आणि आम्हा दोघांना घेऊन गेला. माझ्या नवऱ्याचं जळगावात विजेच्या मोटारी बांधायचं दुकान होतं. हातात वायर नाहीतर दोर आला की तो माणूस खूश. निंबाची झोक्याची फांदी उंच, म्हणून दरवर्षी भाऊ ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेत फांदीखाली आणायचा, आणि ट्रॉलीत उभं राहून कुणीतरी दोर बांधायचं. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ ट्रॉली मागे घेत होता आणि माझा नवरा मागे उभा राहून त्याला अंदाज सांगत होता. घर तिथून हाकेवर. मी पुरण वाटत होते आणि मला त्याचा आवाज येत होता. "येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या..." त्यानंतर 'बस' यायला हवं होतं. ते आलंच नाही. निंबाच्या खोडात आणि ट्रॉलीत जागा उरली नव्हती.

तेराव्याला भाऊच म्हणाला, "अक्का, ट्रॅक्टरना विमा शे. तू अर्ज कर." त्याला वाटलं, मलाही वाटलं, की विमा म्हणजे अर्ज भरायचा, सही करायची, आणि कंपनीने द्यायचं ते द्यायचं. दोघांनाही बाकीचं ठाऊक नव्हतं. जळगावच्या वकिलांनी समजावलं तेव्हा कळलं. दावा ट्रॅक्टरच्या मालकावर करावा लागतो. त्याची चूक सिद्ध झाली की मग त्याच्या जागी कंपनी उभी राहते. मालकाला सोडून कंपनीपर्यंत जायची वाट नाही. मी विचारलं, "चूक म्हणजे काय लिहायचं?" ते म्हणाले, "ट्रॅक्टर निष्काळजीपणे चालवला, असं लिहावं लागेल." मी म्हणाले, त्याला मागे बोलावत होता तो माझाच नवरा. वकील म्हणाले, "ताई, भावाच्या खिशातून काही जाणार नाही. विमा त्याचसाठी असतो." मुलगी सुरतेला दिलेली, दुकानाचं शटर ओढलेलं. मी सही केली.

कोर्टाची नोटीस गावात गेली. तिच्यात माझा भाऊ सामनेवाला क्रमांक एक आणि विमा कंपनी क्रमांक दोन. पारावर कुणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवली. संध्याकाळी भावाचा फोन आला.

"अक्का, मी निष्काळजी? तू लिखं असं?"

मी सगळं समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. गावाला तर आयतं कोलीत मिळालं. "बहीणनी भाऊले कोर्टमा उभं करं," हे वाक्य मला तीन घरांतून, तीन चालींत ऐकायला मिळालं. पुढच्या आखाजीला मुराळी आला नाही. मी नवऱ्याच्या नावाने घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आमरस केला आणि भिंतीकडे तोंड करून जेवले. एकटीसाठी आमरस करू नये. पातेल्याचं गणितच बसत नाही.

मग कंपनीचं उत्तर आलं, धुळ्याच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं तेच, आता कायद्याच्या भाषेत. सक्तीचा विमा असतो तो गाडी सार्वजनिक ठिकाणी वापरण्यासाठी. हा अपघात एका माणसाच्या खाजगी शेतात झाला. सबब कंपनी जबाबदार नाही. सोबत एक फोटो. फोटोत आमचा निंब, निंबाभोवती काटेरी तार, तारेला लोखंडी गेट, आणि गेटवर पाटी: खाजगी जागा, आत येऊ नये.

मी ती पाटी पहिल्यांदा त्या फोटोत पाहिली.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, कायद्यात सार्वजनिक ठिकाण म्हणजे नुसता रस्ता नाही. जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा. पण हक्क म्हणजे काय, यावर कोर्टाकोर्टांत फरक आहे. मालक लोकांना येऊ देतो, तेवढं पुरतं असं बरेच न्यायाधीश म्हणतात, सगळे म्हणत नाहीत. मी विचारलं, "आणि जागा खाजगी ठरली तर?"

"तर कंपनी सुटेल. जे काही द्यायचं ते तुमच्या भावाला द्यावं लागेल. वावर विकून."

 मी कंपनीशी भांडतेय असं समजत होते, आणि सुरी फिरत होती भावाच्या मानेवर. निंब गावाचा ठरला तरच तो वाचणार होता. आणि ते सांगायला मला त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. फोन केला की वहिनी उचलायची आणि म्हणायची, "वावरमा गयात." रात्री केला तरी वावरमा गयात.

माझी साक्ष झाली तेव्हा कंपनीच्या वकिलांनी हळूच सुरुवात केली.

"सातबारा तुमच्या भावाच्या नावावर आहे?"

"हो."

"मग त्या झाडाखाली जायचं तर परवानगी लागत असेल."

"कुणालाच लागत नाही. बाया जातात, पोरं जातात, मेंढ्या घेऊन आलेला धनगरसुद्धा तिथेच भाकरी सोडतो."

"तुम्ही स्वतः कशा जायच्या?"

मी सरळ बाई. विचारलं ते सांगितलं. "मला न्यायला मुराळी येतो. भाऊ."

"आणि तो नाही आला तर?"

"तर नाही जात."

त्यांचा चेहरा उजळला. न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "म्हणजे साहेब, सख्ख्या बहिणीलाही बोलावल्याशिवाय तिथे जाता येत नाही." माझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला.  आमच्या घरातली सगळ्यात गोड गोष्ट मी माझ्या हातांनी त्यांच्या हातात दिली होती. मग मात्र माझा मूळ स्वभाव कामी आला. मी म्हणाले, "साहेब, बोलावणं निंबाला लागत नाही. माहेराला लागतं. निंबाखाली कोणीही बसावं. तो वेगळा हिशोब आहे."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

भावाची साक्ष पुढच्या तारखेला. मी पहाटे उठून दोघांचा डबा केला, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, त्याच्या आवडीचा. तो समोरून आला, किती वाळला होता, आणि माझ्या बाकाला वळसा घालून पिंजऱ्यात उभा राहिला. कंपनीच्या वकिलांनी फोटो पुढे धरला. हे गेट तुमचं? हो. ही पाटी तुम्ही लावली? हो. मग जागा खाजगीच ना?

एक 'हो' अजून, आणि त्याचं वावर गेलं असतं. पण तो शब्द शोधायला लागला. न्यायाधीश म्हणाले, "तुमच्या भाषेत सांगा, चालेल." तेव्हा तो बोलला.

"वावर मनं शे. निंब बठ्ठा गावना शे. दाजी त्या निंबखाल गयात. मंग लोके देखाले येवाले लागनात, कोठे दाबाईनात, कसा दाबाईनात. म्हनीसन गेट लावं."

न्यायाधीशांनी ते मराठीत उतरवून घेतलं: वावर माझं, निंब सगळ्या गावाचा; दाजी तिथे गेले आणि ते कुठे, कसे चिरडले हे बघायला लोक यायला लागले, म्हणून गेट लावलं.

"ट्रॅक्टर कोण चालवत होतं?" हे माझ्याच वकिलांनी विचारलं. विचारावंच लागतं.

"मी."

एवढंच. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. साक्ष संपल्यावर मी डबा घेऊन जिन्यापर्यंत धावले, पण तो खाली उतरून गर्दीत गेलाही होता. कोर्टाच्या आवारात लिंबूपाण्याच्या गाडीशेजारी बसून मी दोघांचा डबा एकटीने खाल्ला. ठेचा तिखट झाला होता, त्यामुळे डोळे पुसायला निमित्त होतं.

निकाल लागला. न्यायाधिकरण म्हणालं की जमीन कुणाच्या नावावर आहे याने ठिकाण खाजगी ठरत नाही, लोक तिथे रीतीने, अडवणूक न होता, वर्षानुवर्षं येतात, म्हणून ते सार्वजनिक ठिकाण, गेट अपघातानंतरचं आहे, जबाबदारी कंपनीची. कंपनी पुढे अपिलात गेली नाही. भाऊ सुटला. वकिलांनी पेढे वाटायला सांगितले. मी पाव किलो घेतले आणि ते घरी तसेच राहिले. मी भावाला फोन केला. वहिनी म्हणाली, त्यांना कळलं, गेट काढायला गयात.

गेट काढायला गेला म्हणाली म्हणून मी आशेला लागले. त्या आखाजीला मी चार दिवस आधी घर झाडलं. नवी साडी काढली, पिशवी भरून दारामागे ठेवली. मोटारसायकल वाजली की गॅलरीत जायची. शेजारीण म्हणाली, "काय हो, मुराळी येणार वाटतं?" मी म्हणाले, "येईल की." आखाजीच्या दिवशी सकाळी मी घागर भरली, नैवेद्य दाखवला आणि दुपार कलल्यावर, जन्मात पहिल्यांदा, एकटीच एसटीत बसले.

फाट्यावर उतरून चालत गेले. तार नव्हती, पाटी नव्हती. गेटचे खांब काढल्याचे खड्डे मातीने बुजवले होते. निंबाला तीन झोके होते. मला धस्स झालं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. पोरी गात होत्या. पलीकडे विहिरीपाशी भाऊ उभा होता. त्याने कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. मी थांबले. हात खाली आला आणि तो पाठ फिरवून मोटारीच्या खोलीत गेला.

मी बांधाच्या अलीकडेच उभी राहिले. पाय पुढे पडेना. मला अडवायला तिथे काहीच नव्हतं, कोर्टाने तसं लिहून दिलं होतं, आणि ते लिहायला लावणारी मीच.

झोक्यावरची एक तरुण पोर खाली उतरली. माझ्या लग्नानंतर जन्मलेली असणार, मला ओळखत नव्हती. तिने माझी पिशवी पाहिली.

"कोनाकडे उनात, मावशी?"

"कोनाकडेच नही वं माय," मी म्हणाले. "जाता जाता थांबनू."

"मंग या ना, बठा," ती म्हणाली आणि माझ्यासाठी दोर धरून उभी राहिली. "झोका बठ्ठासना शे."