देव्हाऱ्यामागचा चिखल

"फिनेल खाली ठेव," मी सॅम्युएलला म्हणाले. तो बाटली उपडी करायच्या बेतात होता आणि जमिनीवर वीतभर चिखल तसाच होता. चिखलावर फिनेल ओतणं म्हणजे घाणीला अत्तर लावणं.

खोली खालच्या ओळीतल्या मंगलची. खडकीत नदीकडच्या उतारावर आमची चाळ आहे. धरणातून पाणी सोडलं, नदी चढली आणि खालच्या ओळीत कमरेएवढं पाणी भरलं. माझी वरची ओळ वाचली. पाणी ओसरल्यावर आमच्या चर्चची पंधरा-वीस माणसं मदतीला आली. बहुतेक सॅम्युएलसारखी तरुण, आयटीतली. मन चांगलं, पण खराटा कसा धरायचा ते ठाऊक नाही.

मी शिकले चौथीपर्यंत. पण एका हॉस्पिटलात तीस वर्षं सफाई केली, शेवटी सुपरवायझर झाले. एक पेशंट खोली सोडून गेला की दुसरा येण्याआधी छतापासून फरशीपर्यंत सगळं साफ करायचं, त्याला टर्मिनल क्लीनिंग म्हणतात. मंगलच्या खोलीला तेच हवं होतं.

तिच्या सुनेला चार दिवसांपूर्वी मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आत. डॉक्टर चार वाजता घरी सोडणार होते. अट एकच, खोली कोरडी आणि स्वच्छ हवी. सुनेचं माहेरही खालच्याच ओळीत, तिथेही चिखल. वरच्या ओळीत आमच्या एकेका खोलीत आधीच खालची दोन-दोन कुटुंबं होती. मग उरली शाळा. तिथे एकेका वर्गात तीस-चाळीस पूरग्रस्त होते आणि त्यातले निम्मे खोकत होते. एवढंसं बाळ तिथे नेणं मला पटत नव्हतं.

सकाळी आठला सुरुवात केली. पहिली गोष्ट, चिखल ओला असतानाच खरवडायचा. वाळला की सिमेंट होतो. आतल्या कोपऱ्यातून दाराकडे यायचं. गटारात ढकलायचा नाही, घमेल्यातून बाहेर न्यायचा. मग भिंती वरून खाली साबणाने धुवायच्या. सगळ्यात शेवटी हायपो, म्हणजे जंतू मारायचं औषध. ते दहा मिनिटं राहू द्यायचं आणि मग पुसायचं.

"आजी, हायपो आधी मारलं तर लवकर होईल," सॅम्युएल म्हणाला.

"तू अंघोळीच्या आधी पावडर लावतोस का?"

त्याने घमेलं उचललं आणि कामाला लागला. करत चांगला होता.

दोनपर्यंत खोली चकचकीत झाली. वरच्या ओळीतून वायर ओढून दोन टेबलफॅन लावले. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दारात येऊन म्हणाले, "छान झालं, बाई. चला, अजून अकरा घरं आहेत."

"झालं नाही," मी म्हणाले. "वास येतोय."

"मला तर फक्त साबणाचा येतोय."

"साहेब, नाक माझं तीस वर्षं ड्युटीवर होतं."

मी पांढरं फडकं घेतलं आणि भिंतीच्या कडेने फिरवत गेले. सगळीकडे कोरं आलं. मग आला देव्हारा. फडकं तिथेच थांबलं, कारण देव्हाऱ्याला कोणी हातच लावला नव्हता. चौरंगावरचा लाकडी देव्हारा, आत चांदीचे टाक आणि बाळकृष्ण, सगळे चिखलाने माखलेले. भोवतीची फरशी मात्र आरसा.

"इथे का नाही केलं?"

"मीच सांगितलं होतं," पाळकसाहेब म्हणाले. "त्यांचे देव आहेत. उगाच गैरसमज नको."

मी बाहेर भांडी घासत बसलेल्या मंगलला हाक मारली. "मंगल, देव तू का नाही काढलेस?"

"मावशी, सोयेर आहे ना. बाळ झालंय घरात. दहा दिवस देवाला शिवायचं नाही."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

ती खाली बघायला लागली. "म्हटलं, तुम्ही चर्चवाले. तुमच्यात चालत नसेल."

"आणि आम्हाला वाटलं, तुला चालणार नाही. बाळ येणार चारला आणि आपण इथे मान देत बसलोय. तुला चालतं का?"

"मला चालतं. तुम्हाला?"

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. मला तर चालत होतं, पण मंडळी त्यांची. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या दुमडल्या.

"ताई, आधी कोणाला उचलू?" त्यांनी मंगलला विचारलं.

"बाळकृष्ण. मग टाक. स्वच्छ पाण्याने धुवा, साबण नको." ती उंबऱ्याबाहेरून सांगत होती आणि पाळकसाहेब परातीत एकेक देव धूत होते. सॅम्युएल कोऱ्या टॉवेलने टिपून ताटात मांडत होता. "दादा, देवी उजवीकडे ठेवा," मंगल म्हणाली. त्याने ठेवली.

रिकामा देव्हारा धुऊन बाजूला सरकवला. मागे हातभर उंच चिखल भिंतीला चिकटला होता. त्यात टीचभर मासा, मेलेला.

"साबणाचा वास," मी म्हणाले. पाळकसाहेबांनी तो मासा स्वतः उचलून नेला.

कोपरा पुन्हा खरवडला, धुतला, हायपो मारलं, पुसला. पंखे तिकडे वळवले, वाळल्यावर देव्हारा देवांसकट परत ठेवला. पावणेचारला मी भिंत, फरशी, खाटेच्या खालचा भाग, सगळीकडे फडकं फिरवलं. कोरं आलं. नाकालाही काही सापडलं नाही. सव्वाचारला रिक्षा आली. सून बाळाला घेऊन आत गेली आणि चहूकडे बघून म्हणाली, "आई, आपली खोली एवढी पांढरी कधी होती?"

"नव्हती," मंगल म्हणाली.

उरलेली अकरा घरं दोन दिवसांत झाली. प्रत्येक दारात सॅम्युएल आधी विचारायचा, कशाला हात लावायचा नाही? मी त्याला पुढचा प्रश्न शिकवला, मग त्याच्या मागचा चिखल कोण काढणार? ते मग घरचे आणि आम्ही दारातच उभं राहून ठरवायचो.