जोडीबाईंची घाई

जोडीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. शिकवणीला येणाऱ्या बायकांनी ते ठेवलं होतं आणि ते त्यांना शोभूनही दिसे. जिन्याखालच्या खोलीत तीन बाकं, एक फळा आणि पाय डुगडुगणारं टेबल, एवढ्या सामानावर बाई चौतीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. शिकायला यायच्या त्या दवाखान्यातल्या आया, शिवणयंत्रावर बसणाऱ्या, दुकानात कापड दाखवणाऱ्या. घरचं आवरून, पदरात वही लपवून आलेल्या मोठ्या बायका.

बाईंनी व्याकरणाचं पुस्तक कधी उघडलं नाही. महिनाभर एकच विशेषण घ्यायचं आणि ते कोणाकोणाशी नांदतं ते बघायचं, ही त्यांची रीत. पहिला महिना नेहमी 'हेवी'चा.

"शब्दांच्याही सोयरिकी असतात बायांनो. पाऊस हेवी, वारा मात्र स्ट्राँग. चहाही स्ट्राँग. हेवी टी मागितलात तर समोरचा कपाकडेच बघत बसेल. ट्रॅफिक हेवी, लोड हेवी, पोटभर जेवण झालं तर हेवी मील. सिगारेटी ओढणारा हेवी स्मोकर."

"काडीसारखा असला तरी?" आया विचारी.

"तरीही."

"मग माझी सासू?"

"त्या नुसत्याच हेवी."

सगळ्या हसत. एखादी हट्टाने "पण असं का?" म्हणून विचारी, तेव्हा बाई म्हणत, "आपली झोप गाढ का आणि मैत्री घट्ट का? नांदतात म्हणून. संसारात का विचारायचं नसतं."

मग तोंडी परीक्षा. बाई विशेषण म्हणायच्या, समोरचीने नाम जोडायचं. बाई खडूने टेबलावर तीन ठोके द्यायच्या. तिसऱ्या ठोक्यापर्यंत शब्द आला नाही तर स्वतःच सांगून टाकायच्या. अडलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, असं त्यांचं मत होतं, आणि ते दयेपोटीच होतं.

त्यांचे यजमान घड्याळजी होते. दुकान घराच्याच पुढल्या खोलीत. दिवसभर डोळ्याला भिंग लावून चिमट्याने इवलाली चाकं उचलायची, त्यामुळे बोलणंही तसंच, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. दुसऱ्या दिवशीचा धडा बाई संध्याकाळी त्यांच्यावरच घोटून घेत. स्वयंपाकघरातून त्या "हेवी?" म्हणून ओरडत आणि भिंग न काढता घड्याळजी म्हणत, "ट्रॅफिक." एवढं एक सोडलं तर बाईंपुढे त्यांचं वाक्य क्वचितच पुरं व्हायचं.

"अगं, तो मघाशी..."

"पेपरवाला ना? येऊन गेला. सांगितलं मी त्याला."

ते हसून पुन्हा भिंगात डोकं घालत. नणंद म्हणे, "वहिनी, दादाला तू बोलूच देत नाहीस. लग्नात त्याला नाव विचारलं तेव्हाही तूच सांगितलं असशील."

"अगं, मुहूर्त टळला असता!" बाई म्हणत.

मग एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, घड्याळजींच्या हातातला चिमटा खाली पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. तेवीस दिवस त्यांच्या तोंडून शब्द नाही. डोळे सगळं ओळखत, ओठ हलत, पण बाहेर नुसता वारा. बाईंचं देवाला विनवून झालं, रडून झालं. चोविसाव्या दिवशी पाठ चोळता चोळता त्या सहज, जुन्या सवयीने म्हणाल्या, "हेवी?"

"ट्रॅफिक," घड्याळजी म्हणाले.

बाईंच्या हातातली तेलाची वाटी कलंडली.

वाचा सुधारायला येणारी थेरपिस्ट मुलगी खूश झाली, पण तिने हुरळून जाऊ दिलं नाही. "काकू, ही रोजची पायवाट आहे. पाय आपोआप पडतो. हे काकांचं बोलणं नव्हे, पण ही वाट शाबूत आहे हे चांगलं. आता त्यांचा स्वतःचा शब्द यायला हवा. फक्त एक करा. शब्द तुम्ही द्यायचा नाही. थांबायचं."

"थांबेन की," बाई म्हणाल्या.

एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी जेवताना, कोणी काही विचारलेलं नसताना घड्याळजी म्हणाले, "हेवी."

त्यांनी डावा हात चादरीवरून उचलला. तळवा उघडा. नजर बाईंवर. काहीतरी सांगायचं होतं आणि ते अगदी दाराशी येऊन उभं होतं. बाईंना आनंद मावेना. ताटाच्या कडेवर त्यांची बोटं आपोआप वाजली, एक, दोन, तीन.

"ट्रॅफिक? लोड? मील?"

हात हळूच खाली गेला. घड्याळजींनी मान हलवली.

"जेवण जड होतंय होय! अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

त्या संध्याकाळपासून बाईंनी त्यांचं खाणं हलकं केलं. भाज्यांचं पाणी, उकडलेला बटाटा, तेही थोडंसं. घड्याळजी मुळात चार घास जास्तच जेवणारे. ते वाटी चमच्याने तळाशी खरवडून संपवत. तो आवाज बाई रोज ऐकत होत्या.

त्यानंतर बाराव्या दिवशी थेरपिस्ट आली आणि बघतच राहिली. "काका इतके का उतरलेत?"

"त्यांनीच सांगितलं ना. हेवी मील म्हणाले."

"स्वतः?"

"स्वतः."

"मील हा शब्द कोण म्हणालं, काकू?"

बाई चमचा पुसत होत्या. तो पुसून झाला तरी पुसतच राहिल्या. "मी," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी पोटभर जेवण रांधलं. घड्याळजी भरपूर जेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाल्या, "काय सांगायचं होतं तुम्हाला? मी बोलत नाही आता."

"हेवी," घड्याळजी म्हणाले.

बाई थांबल्या. चौतीस वर्षांचे शब्द तोंडाशी गर्दी करून आले. त्यात 'हार्ट'ही होता, मन जड झालं की हेवी हार्ट. पहिल्याच महिन्यात शिकवायचा शब्द, आणि त्या दिवशी त्यांना तो सुचलासुद्धा नव्हता. त्यांनी तोही गिळला. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. घड्याळजींच्या कपाळावर घाम आला.

"मील," ते म्हणाले.

आणि स्वतःच दचकले. जोरजोरात मान हलवू लागले, नाही, नाही. पुन्हा ओठ जुळवले. "हेवी... मील." डावी मूठ त्यांनी पलंगावर आपटली. त्यांच्या शब्दाच्या जागी बाईंचा शब्द येऊन बसला होता आणि उठायला तयार नव्हता.

"नाही ना? मील नाही ना?" बाई रडत म्हणाल्या. "असू दे. सावकाश. मी थांबते."

त्यानंतर त्या रोज दुपारी बसल्या. शिकवणी बंद ठेवली. कधी पाऊण तास, कधी दीड. काही दिवस तोच शब्द आला, पुढे पुढे तोही येईना. मग घड्याळजी नुसते बघत राहत आणि बाईही त्यांच्याकडे बघत. एवढा वेळ त्यांनी नवऱ्याचा चेहरा कधीच बघितला नव्हता. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. तो कशाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आता विचारायची सोय नव्हती.

एकोणिसाव्या दुपारी त्या खुर्ची ओढून बसल्या, तेव्हा घड्याळजींचा श्वास थांबलेला होता.

नणंद दुसऱ्या गावाहून आली तोवर सगळं आटोपलं होतं. दोघी पुढल्या खोलीत बसल्या. नणंदेने विचारलं, "वहिनी, दादा शेवटी काही बोलला का गं?"

बाईंनी तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळेना. त्यांचे ओठ नुसतेच हलले.

नणंदेला ते बघवेना. तिने बाईंचा हात धरला. "तुझंच नाव घेतलं असेल. हो ना?"

बाईंनी मान हलवली.