लाल पेरूची फांदी

एसटी आमच्या तळा गावच्या स्टँडवरून हलायला आली तेव्हा माझ्या मांडीवर पेरूचं रोप होतं आणि खिडकीखाली आई-बाबा उभे होते. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात मला कागदपत्रांची नोकरी लागली होती. कंडक्टरनं विचारलं, "झाड कुठं निघालं?" बाबा खालूनच म्हणाले, "पोरगी नोकरीला, झाड तिच्या सोबतीला." गावकऱ्यांनो, स्टँडवरचे तुम्ही सगळे हसलात, म्हणून मलाही रडता आलं नाही.

बाबा शाळामास्तर. परसातल्या पेरूवर त्यांनी स्वतः गुटी बांधली होती. फांदीची बोटाच्या पेराएवढी साल गोल सोलायची, तिथं ओलं शेवाळ प्लॅस्टिकात गुंडाळायचं आणि मुळं सुटली की फांदी कापून लावायची. "बी लावलं तर काय निघेल सांगता येत नाही. गुटी म्हणजे तेच झाड," असं ते म्हणायचे. तेच झाड, म्हणजे आतून लालबुंद. अख्ख्या तळ्यात तसा पेरू नाही, यावर आमच्या घरात एकमत होतं.

उलव्यात भाड्याचा वन आरके मिळाला. सोसायटीच्या गच्चीवर निळा ड्रम अर्धा कापून त्यात रोप लावलं. मग एका वादळात गावचं झाड मुळासकट आडवं झालं. बाबा फोनवर इतकंच बोलले, "आता तुझ्याकडं आहे तेवढंच."

त्यानंतर मी वेडीच झाले. सकाळ-संध्याकाळ पाणी, शेणखत, मासळी धुतलेलं पाणीसुद्धा. झाड गुटगुटीत झालं, पण फुलाचा पत्ता नाही. शेजारीण म्हणाली, "शो प्लांट अच्छा है." मला ते फार लागलं.

शेवटी आई आली. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता निघाला. घरात सुरी आहे म्हटलं, तर म्हणाली, "सुरीला झाड भीत न्हाय." न फळणाऱ्या झाडाला आमच्याकडं असं दटावतात. एकानं तोडायला धावायचं, दुसऱ्यानं जामीन राहायचं. आई पदर खोचून ड्रमासमोर उभी राहिली. "खातंस, पितंस, आनि फळाचं नाव न्हाय. तोडतेच तुला." मी गळ्यात ऑफिसचं आयकार्ड घालून जामीन म्हणून मध्ये पडले, "राहू दे गं, यंदा देईल." तरी तिनं धाक म्हणून चार शेंडे छाटलेच.

आयुष्यभर अंधश्रद्धेवर भाषणं दिलेले बाबा फोनवर पोट धरून हसले. "झाडाला कान नसतात. तूच लाडावून ठेवलंयस त्याला. ताण दे. पाणी तोड, पानं मलूल झाली की मग पाज."

पाणी तोडलं. पानं लोंबली, पिवळी पडली, गळली. उरलेलं एकुलतं एक झाड मी माझ्याच हातानं मारतेय असं वाटायचं. बादली भरून गच्चीवर जायचे आणि तशीच परत आणायचे. मग एकदाचं बाबांनी "आता पाज" म्हटलं. छाटलेल्या शेंड्यांना कोवळी पालवी आली आणि तिच्याबरोबर पांढऱ्या कळ्या. मी गच्चीवर एकटीच नाचले.

आज पहिला पेरू व्हिडिओ कॉलवर कापला. लाल, अगदी तोच लाल. बाबा चष्मा पुसत राहिले. मग आई म्हणाली, "कोयत्याला भ्यालं." बाबा म्हणाले, "ताणानं आलं." ते दोघं अजून भांडत असतील.

माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, दोन जागांना 'घर' म्हणायची मला चोरी वाटायची. आता वाटत नाही. कारण याच झाडावर मी गुटी बांधली होती, तिला मुळं सुटलीत, आणि ती कापून पिशवीत भरलीय. उद्याच्या एसटीनं तळ्याला येतेय. आई-बाबा, परसात खड्डा खणून ठेवा.

या वेळी कंडक्टरनं विचारलं, झाड कुठं निघालं, तर मीच सांगेन. माहेरी.